थाळी वाजवून कान कळत नाही

बाळ बोलायला उशीर लावते आहे अशी शंका आली की घरातली पहिली तपासणी आजी करते. बाळ पाठमोरे बसलेले असते. आजी मागे जाऊन थाळीवर पळी आपटते, बाळ दचकते, आणि तिथेच निकाल लागतो. "ऐकू येतंय त्याला सगळं. त्याचा बापूस पण तीन वर्षांचा झाल्यावर बोलला." विषय संपतो. भाट्ये असो, कसोप-फणसोप असो की मुंबईतली चाळ, ही तपासणी सगळीकडे सारखीच चालते. या निकालाच्या भरवशावर गेलेले वर्ष-दीड वर्ष त्या मुलाला पुन्हा मिळत नाही. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर एकच विषय घेतला आहे. तान्ह्या बाळाचा कान कसा तपासतात, शाळकरी मुलाचा कसा, मोठ्या माणसाचा कसा, आणि कोणती तपासणी काय सांगते व काय सांगत नाही.

आधी थाळीचे बघू. दचकणे म्हणजे ऐकणे नव्हे. जमिनीवर बसलेल्या बाळाला आपटण्याचा हादरा अंगातून कळतो. आजीचा हात वर गेला की सावली हलते. पाठीमागे कोणी आले की वारा लागतो, तेलाचा वास येतो. ज्या बाळाला कमी ऐकू येते ते याच खुणांवर जगाचा अंदाज घेत असते. दुसरे, थाळीचा आवाज फार मोठा असतो. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. कुजबुज साधारण ३० डेसिबलची, दोन माणसांचे नेहमीचे बोलणे ६० च्या आसपास. प्रत्येक १० डेसिबलला आवाजाची ताकद दहा पट होते, म्हणजे ६० हे ३० च्या दुप्पट नव्हे, हजार पट आहे. जवळून आपटलेली थाळी तर बोलण्याच्याही कितीतरी वर जाते. ज्याचे ऐकणे ५० डेसिबलने कमी झाले आहे ते मूल थाळी ऐकते, फटाका ऐकते, कुत्र्याचे भुंकणे ऐकते. बोलणे मात्र त्याला अर्धेमुर्धेच पोचते.

अर्धेमुर्धे म्हणजे कसे? काच, काप, कात, काठ हे चार शब्द घ्या. चारहींतला 'का' ठसठशीत ऐकू येतो. शेवटचे अक्षर हलके असते आणि त्याचा आवाज बारीक असतो. ज्याचा बारीक आवाजाचा कान अधू आहे त्याला चारही शब्द एकच. असे मूल हाक मारली की वळते, गाण्यावर डोलते, पण बोलायला शिकत नाही, किंवा बोबडे शिकते. घरातले म्हणतात, ऐकतो तर सगळे, पण हट्टी आहे.

आणखी एक फसवी खूण सांगायला हवी. जन्मतः बहिरे असलेले बाळही पहिले काही महिने 'आ-ऊ' करते, हसते, ओरडते. त्यावरून कान ठीक आहेत असे समजू नये. ऐकू येणारे बाळ सहा-सात महिन्यांनंतर 'बाबाबा', 'दादादा' अशी अक्षरांची माळ लावू लागते. ज्याला ऐकू येत नाही त्याची माळ लांबते, किंवा सुरूच होत नाही.

नळ आणि टाकी

तपासण्या इतक्या वेगवेगळ्या का, हे समजायला वाडीची नळयोजना डोळ्यांपुढे आणा. नळाला पाणी आले नाही तर बिघाड टाकीत असेल, पाइपात असेल, व्हॉल्व्हमध्ये असेल नाहीतर तोटीत. नुसते "पाणी नाही" म्हटल्याने जागा कळत नाही. कानाचेही तसेच. आवाज आधी कानाच्या नळीतून पडद्यावर येतो. पडद्यामागे तीन इवलीशी हाडे आहेत, ती आवाज आत पोचवतात. आत गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग आहे, त्यात पाणी आणि हजारो सूक्ष्म केसांच्या पेशी आहेत. या पेशी हादऱ्याचे विजेच्या संदेशात रूपांतर करतात. मग श्रवणाची नस तो संदेश मेंदूकडे नेते, आणि मेंदू त्याचा अर्थ लावतो. मळ साचला, पडदा फाटला किंवा पडद्यामागे पाणी झाले तर पाइप तुंबला असे समजा, त्यावर बहुतेक वेळा औषध-शस्त्रक्रिया होते. शंखातल्या पेशी मेल्या तर त्या माणसात परत उगवत नाहीत.

प्रत्येक तपासणी या वाटेचा एखादा तुकडाच बघते. शिवाय तपासण्यांचे दोन गट पडतात. एका गटात माणसाने स्वतः उत्तर द्यायचे असते, "आले ऐकू" म्हणून. दुसऱ्या गटात यंत्र थेट कानाला आणि नसेला विचारते, माणूस झोपलेला असला तरी चालते. तान्हे बाळ उत्तर देऊ शकत नाही म्हणून त्याला दुसरा गट, मोठ्या माणसाला पहिला. मधल्या वयात दोन्हींची सांगड. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचे सगळे सोपे आहे.

तान्हे बाळ

नवजात बाळाची पहिली तपासणी म्हणजे ओएई. कापसाच्या बोळ्याएवढी मऊ बुची कानात ठेवतात, त्यातून टिकटिक असा हलका आवाज सोडतात. शंखातल्या निरोगी पेशी त्या आवाजाला प्रतिसाद म्हणून स्वतः एक अतिशय क्षीण आवाज परत पाठवतात. तो बुचीतला मायक्रोफोन टिपतो. कान आवाज घेतो तसा आवाज देतोही, हे लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी १९७८ साली प्रसिद्ध केले, त्यावर ही तपासणी उभी आहे. बाळ झोपलेले असले की काही मिनिटांत होते. सुई नाही, दुखणे नाही.

निकाल 'पास' किंवा 'रेफर' असा येतो. रेफर म्हणजे बहिरे नव्हे. जन्मानंतर पहिला एक-दोन दिवस कानाच्या नळीत ओलावा आणि चिकट थर असतो, त्यामुळेही रेफर येते. घाबरून रडारड करू नये, आणि "यंत्रच बिघडले होते" म्हणून कागद फाडूनही टाकू नये. पुन्हा बोलावलेल्या तारखेला जावे. आपल्याकडे मुलाची आई माहेरी बाळंत होते, सव्वा महिन्याने सासरी येते, आणि दुसऱ्या तपासणीची तारीख दोन गावांच्या मध्ये हरवते. डिस्चार्ज कार्डावर कानाचा निकाल काय लिहिला आहे तो वाचून घ्यावा. काहीच लिहिलेले नसेल तर तपासणी झालेली नाही असे समजून विचारावे.

पासलाही मर्यादा आहे. ओएई शंखापर्यंतच बघते. पुढची नस संदेश नेते की नाही हे तिला कळत नाही. जन्मतः तीव्र कावीळ झालेल्या, फार कमी वजनाच्या किंवा अतिदक्षता विभागात पाच दिवसांहून जास्त काढलेल्या बाळात कधी कधी शंख ठीक आणि नस बिघडलेली असते. ओएई पास होते आणि बाळ ऐकत नाही. अशा बाळाला बेरा ही दुसरी तपासणी हवीच.

बेरात कपाळावर आणि कानामागे चिकटपट्टीने छोट्या तारा लावतात. कानात टिकटिक सोडली की नस आणि मेंदूच्या देठातून विजेच्या लहरी उठतात, पहिल्या १० मिलिसेकंदांतच. संगणक त्या वेचून कागदावर काढतो. आवाज कमी कमी करत नेला आणि लहर कुठे नाहीशी होते ते पाहिले की बाळाला साधारण किती डेसिबलला ऐकू येते याचा अंदाज येतो. तारा बघून आजी-आजोबा घाबरतात, "डोक्याला करंट देतात" अशी बोलवा उठते. करंट दिला जात नाही, डोक्यातला संदेश फक्त वाचला जातो. अडचण एकच, बाळ गाढ झोपलेले हवे. तीन-चार महिन्यांच्या आत बाळ दूध पिऊन आपोआप झोपते. दोन वर्षांचे पोर झोपत नाही, त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली झोपेचे औषध द्यावे लागते, आणि त्यासाठी वेगळी तारीख, पुन्हा रजा, पुन्हा भाडे. लवकर जाण्याचा हाही एक फायदा.

जगभर मानला जाणारा हिशेब १-३-६ असा आहे. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्के निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. घाई एवढ्यासाठी की मेंदूचा बोली शिकणारा भाग पहिल्या काही वर्षांतच आवाजावर पोसला जातो. त्या काळात आवाज पोचला नाही तर पुढे कितीही चांगले यंत्र कानाला लावले तरी बोली तितकी येत नाही. कॉक्लियर इम्प्लांटच्या सरकारी योजनांतली वयाची अट याच कारणाने लहान वयाची ठेवलेली आहे. तिसऱ्या वर्षी "बापूस पण उशिरा बोलला" म्हणत थांबलेल्या घराला पाचव्या वर्षी ही अट आडवी येते.

कोणत्या बाळाला जास्त जपायचे? गरोदरपणात आईला रुबेला झाला असेल, घराण्यात जन्मतः बहिरेपण असेल, बाळाला मेंदूज्वर झाला असेल, कानाला मारक ठरू शकणारी अमिकासिन-जेंटामायसिनसारखी इंजेक्शने द्यावी लागली असतील. त्यात मामा-आत्याच्या मुलामुलीचे लग्न हेही धरावे लागते. नात्यात लग्न केल्याने जन्मतः बहिरेपणाचा धोका वाढतो. हे कुणाला दोष द्यायला लिहिलेले नाही, अशा घरातल्या बाळाचा कान आधी तपासावा एवढ्यासाठी लिहिले आहे.

सहा महिने ते पाच वर्षे

थाळीच्या तपासणीचे सुधारलेले रूप डॉक्टरही वापरत असत. मँचेस्टरच्या यूइंग दांपत्याने १९४४ साली ते मांडले. बाळ आईच्या मांडीवर, एक जण समोर खेळण्याने त्याचे लक्ष धरतो, दुसरा मागे बाजूला उभा राहून हलका, मोजका आवाज काढतो. बाळ वळले तर ऐकले. इंग्लंडमध्ये कित्येक वर्षे सात-आठ महिन्यांच्या प्रत्येक बाळाची अशी तपासणी होत असे. प्रशिक्षित परिचारिका, ठरलेले आवाज, शांत खोली असूनही बरीच बहिरी मुले त्यातून सुटत. शेवटी तिथे ही पद्धत सोडून २००६ पर्यंत सर्व नवजात बाळांसाठी यंत्राची चाळणी आणली. जे प्रशिक्षित माणसाला नीट जमले नाही ते आपल्या ओटीवर थाळी-पळीने जमेल कसे?

या वयात आता तज्ज्ञ काय करतात, तर आवाजाला बक्षीस जोडतात. स्पीकरमधून आवाज आला आणि मूल तिकडे वळले की एक खेळणे उजळते, हलते. दोन-तीनदा झाले की मूल खेळणे बघायच्या आशेने प्रत्येक आवाजाला वळते. मग आवाज हळू करत जायचे. साधारण सहा महिने ते अडीच वर्षे ही युक्ती चालते. पुढे अडीच ते पाच वर्षांच्या मुलाला खेळ शिकवतात, "आवाज आला की ठोकळा डब्यात टाक." पोराला वाटते खेळ चालला आहे, आणि तज्ज्ञाच्या कागदावर दोन्ही कानांचा आलेख तयार होतो. यात घाई चालत नाही. मूल भुकेले, झोपाळू किंवा सर्दीने बेजार असेल तर परत बोलावतात, त्यावर चिडू नये. आईनेही मांडीवरच्या मुलाला आवाज आल्यावर हळूच ढोसू नये. प्रेमापोटी असे ढोसले जाते आणि निकाल खोटा निघतो.

शाळेतला मागचा बाक

पाच-सहा वर्षांनंतर मूल मोठ्या माणसासारखे बटण दाबू शकते. या वयातला नेहमीचा शत्रू म्हणजे पडद्यामागचे पाणी आणि वाहता कान. कोकणातला पावसाळा, सततची सर्दी, त्यात खाडीत आणि विहिरीत डुंबणे. पडद्यामागे चिकट पाणी साचले की कान दुखतही नाही, फक्त ऐकणे मंदावते, कानात बोट घातल्यासारखे. मूल टीव्हीचा आवाज वाढवते, "काय?" म्हणून परत विचारते, वर्गात मागे पडते. गुरुजींना वाटते लक्ष नाही. आपल्या वस्तीतल्या पोराला 'ढ' ठरवायला लोकांना फार कारण लागत नाही, आणि मागच्या बाकावर बसण्याचा इतिहास आपल्याला नवा नाही. म्हणून मूल शाळेत अचानक मागे पडू लागले तर मारण्याआधी, क्लास लावण्याआधी कान तपासा.

इथे टिम्पॅनोमेट्री नावाची साधी तपासणी कामाची. कानात बुची लावून हवेचा दाब थोडा कमी-जास्त करतात आणि पडदा हलतो की नाही ते बघतात. निरोगी पडद्याचा आलेख डोंगरासारखा येतो. मागे पाणी असेल तर सपाट येतो. एका मिनिटाचे काम. ऐकू किती येते हे मात्र ती सांगत नाही, पडदा हलतो का एवढेच सांगते. म्हणून ती आणि आवाजाची तपासणी जोडीने करतात.

शाळेतल्या चाळणीत १०००, २००० आणि ४००० हर्ट्‌झचे आवाज २० डेसिबलवर ऐकवतात. एखादा चुकला तर पुढच्या तपासणीला पाठवतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यातल्या पालघर येथून सुरू झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी येते, ऐकण्याची धरून. पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यावे अशी रचना आहे. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. शंका असेल तर आईने स्वतः अंगणवाडीत जाऊन पथकाला तोंडाने सांगावे, कारण मोठ्या गर्दीत एका मुलाला मिळणारा वेळ थोडा असतो. शंकेच्या मुलाला पथक जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते.

वाहत्या कानात खोबरेल गरम करून, लसूण जाळून ओतू नये. आपल्याकडे तेल घरचे, माया घरची, पण फाटलेल्या पडद्यातून ते आत जाते आणि पू वाढतो. हेअरपिन, काडेपेटीची काडी, गाडीची किल्ली यांचेही तेच.

मोठ्या माणसाचा कान

मोठ्या माणसाची घरच्या घरी चाळणी करायची एक बरी पद्धत आहे, कुजबुजीची. त्याच्या मागे हातभर अंतरावर, म्हणजे साधारण दोन फुटांवर उभे राहा, ओठ दिसता कामा नयेत. ज्या कानाची तपासणी नाही त्या कानाच्या तोंडाशी असलेला छोटा उंचवटा त्यालाच बोटाने दाबून हळूहळू चोळत राहायला सांगा. पूर्ण श्वास सोडा आणि उरलेल्या श्वासात कुजबुजा, "चार, ब, सात". त्याने तिन्ही परत म्हणायचे. चुकले तर दुसरे तीन, "ट, नऊ, म". सहांपैकी निम्मे तरी बरोबर आले पाहिजेत. नाही आले तर पुढे तपासा. लहान मुलांत ही पद्धत तितकी भरवशाची नाही.

मात्र जागा बघा. भाट्याच्या किनाऱ्यालगतच्या घरात पावसाळ्यात समुद्राची गाज रात्रंदिवस असते, सुरूच्या बनातला वारा असतो, आणि पत्र्यावर पाऊस पडू लागला की शेजारी बसलेल्याचे बोलणेही ऐकू येत नाही. अशा ठिकाणी चांगल्या कानाचा माणूसही नापास होईल. विहाराच्या सभागृहात घेतलेल्या शिबिरालाही हेच लागू. शिबिर ही चाळणी आहे. पक्की तपासणी आवाजबंद खोलीतच होते.

रुग्णालयात डॉक्टर आधी कानात दिव्याने बघतात. कित्येकांचे 'बहिरेपण' मळाच्या गोळ्यात असते. मग ट्यूनिंग फोर्क, म्हणजे दोन बोटांचा पोलादी चिमटा वाजवून कानासमोर आणि मग कानामागच्या हाडावर धरतात. जर्मन डॉक्टर रिने यांनी १८५५ मध्ये सांगितलेली ही युक्ती अजून चालते. निरोगी कानाला हवेतून जास्त ऐकू येते. हाडावरून जास्त ऐकू आले तर अडथळा पडद्यात किंवा त्यामागच्या हाडांत आहे. पाइप तुंबला की आतली नस, एवढे यावरून कळते. किती डेसिबल, हे कळत नाही.

ते सांगते प्युअर टोन ऑडिओमेट्री. आवाजबंद खोलीत कानाला हेडफोन, हातात बटण. २५० पासून ८००० हर्ट्‌झपर्यंत, जाड्या आवाजापासून बारीक आवाजापर्यंत, प्रत्येक आवाज कमी कमी करत जातात. जिथे तो जेमतेम ऐकू येतो तिथे कागदावर खूण होते. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. मग हेच कानामागच्या हाडावर कंपक ठेवून परत करतात. दोन रेघांमध्ये अंतर पडले तर पाइपाचा दोष, दोन्ही बरोबरीने खाली गेल्या तर शंखाचा किंवा नसेचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या प्रतवारीत २० डेसिबलच्या आत ते ठीक, ३५ ते ५० मध्यम, ६५ च्या पुढे तीव्र, ८० च्या पुढे अतितीव्र दोष धरतात.

अनेक जण बटण दाबायला बिचकतात. विशेषतः आपल्या आया-आज्या 'पक्के ऐकू आल्यावरच दाबायचे' म्हणून थांबतात आणि कागदावर जास्त बहिऱ्या ठरतात. जेमतेम भास झाला तरी दाबायचे आहे. एका कानात आवाज चालू असताना दुसऱ्या कानात खरखर सोडली जाते, ती यंत्राची बिघाड नाही. चांगला कान कवटीतून पलीकडचा आवाज चोरून ऐकतो, त्याला गुंतवून ठेवण्यासाठी ती असते.

शब्दांची तपासणी वेगळी असते. म्हातारपणात बारीक आवाज आधी जातात, म्हणून माणूस सांगतो, "ऐकू येते, पण समजत नाही." वर्षावासात ग्रंथवाचनाला मागे बसलेले आजोबा मान डोलावतात, आणि घरी विचारले तर काही सांगता येत नाही. त्यांच्या कानात मोठ्याने ओरडून उपयोग नाही, समोर बसून सावकाश बोलावे. या तपासणीत शब्द ऐकवून परत म्हणायला लावतात. शब्द ओळखीचे हवेत. कधी न ऐकलेला पुस्तकी शब्द चुकला तर तो कानाचा दोष नव्हे, हे तपासणाऱ्याला सांगायला लाजू नका.

बेरा महाग, तारांची, संगणकाची, म्हणून मोठ्या माणसालाही तीच 'मोठी' तपासणी हवी असा समज आहे. तसे नाही. ओएई आणि बेरा अवयव तपासतात, ऐकणे तपासत नाहीत. जो माणूस नीट उत्तर देतो त्याच्यासाठी बटणाची तपासणीच खरी. एकाच कानाने कमी येत असेल, नसेवर गाठीची शंका असेल किंवा उत्तरे जुळत नसतील तेव्हा डॉक्टर पुढचे सांगतात.

चिरेखाण, बोट आणि डीजे

आपल्या जिल्ह्यात जांभ्याच्या चिरेखाणीवरचे कटिंग मशीन आणि मासेमारी बोटीचे इंजिन यांच्याजवळ दिवस काढणारे पुष्कळ आहेत. अशा कानाचा आलेख ओळखू येतो. ४००० हर्ट्‌झपाशी खड्डा पडतो, बाकी रेघ बरीच बरी असते. त्या वेळी माणसाला काही कळत नाही, रात्री कानात किर्र वाजते एवढेच. खड्डा रुंद होऊन बोलण्याच्या आवाजापर्यंत आला की मग कळते, तोवर पेशी गेलेल्या असतात. या लोकांनी तपासणीआधी निदान १४ तास कर्कश आवाजापासून दूर राहावे, नाहीतर थकलेला कान आहे त्यापेक्षा वाईट दिसतो. सोयीचा काळ म्हणजे पावसाळा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, खाणीही पावसात थांबलेल्या, कान विसावलेले, आणि पूल ओलांडला की रत्नागिरी शहर.

डीजेचेही लिहितो, काहींना आवडणार नाही. अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेचा हिशेब असा आहे की ८५ डेसिबल आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे उरतात. जयंतीच्या मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीसमोर नाचणारी पोरे किती तास असतात ते आपण सगळे जाणतो. कडेवरचे बाळ तर बाजूलाही होऊ शकत नाही.

एक गोष्ट तातडीची. सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर मळ समजून आठवडा घालवू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. त्यावरचे औषध पहिल्या दिवसांतच लागू पडते.

कुठे जायचे, काय मागायचे

सुरुवात जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागापासून करावी. बेरासारखी तपासणी तिथे होण्यासारखी नसेल तर चिठ्ठी घेऊन कोल्हापूर किंवा मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावे. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग ही वाक् आणि श्रवण दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. कोकणातल्या बहुतेक घरांचा एखादा तरी माणूस मुंबईत असतो, त्याच्याकडे उतरून हे काम होते. कानाची यंत्रे विकणारी दुकाने फुकट तपासणी करतात. ती करून घ्यायला हरकत नाही, पण आलेखाचा कागद हातात घ्यावा आणि डॉक्टरला दाखवल्याशिवाय यंत्र विकत घेऊ नये. जुने सगळे आलेख एका पिशवीत जपून ठेवावेत. एका आलेखापेक्षा दोन वर्षांच्या अंतराचे दोन आलेख डॉक्टरला जास्त सांगतात.

दिव्यांग प्रमाणपत्राचा हिशेब वेगळा आहे. २०१६ च्या कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत ७० डेसिबल दोष असेल तर बधिर, आणि ६० ते ७० असेल तर कमी ऐकू येणारा असे धरतात. एकच कान गेला असेल तर या व्याख्येत बसत नाही. सरकारी नोकरीत दिव्यांगांच्या ४ टक्क्यांपैकी १ टक्का या दोन्ही गटांसाठी आहे, पण त्या आरक्षणासाठी दिव्यांगत्व निदान ४० टक्के भरावे लागते. प्रमाणपत्रासाठी बटणाच्या तपासणीसोबत बेराही मागतात, तेव्हा ती अविश्वास म्हणून घेऊ नये. लहान मुलाच्या बाबतीत तर बेराच मुख्य आधार असते. अर्ज ऑनलाइन करून यूडीआयडी कार्ड मिळते. जाताना आधार कार्ड, फोटो, राहण्याचा पुरावा आणि आलेखांची ती पिशवी सोबत न्यावी.